अर्धी भाकर

तीस सालच्या मार्शल लॉच्या एक-दोन वर्षं आधी मी लग्न होऊन सोलापुरात आले. सासर विणकरांचं, घरात सगळे तेलुगू बोलणारे. माहेरही विणकरांचंच, पण आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलखात राहून तेलुगू पार विसरलेले. मला त्यातलं 'ये', 'जा' आणि 'जेव' एवढंच कळायचं. 'जेव' लवकर कळलं, कारण सासूबाई दिवसभर तेच म्हणायच्या. सासूला त्या घरात अत्तम्मा म्हणत.

अत्तम्मांची वाढायची एक तऱ्हा होती. भाकरी तव्यावरून उतरली की मोडून अर्धी ताटात घालायच्या आणि अर्धी चुलीपुढं ओढलेल्या निखाऱ्यावर उभी करून ठेवायच्या. पहिली संपत आली की दुसरी यायची, कडक आणि ऊन. सकाळपासून रहाटावर सुताच्या कांड्या भरून माझा जीव आंबून जायचा. ती ऊन अर्धी पोटात गेली की बरं वाटायचं.

आश्विनात बतकम्मेचा सण आला. तरवडाची पिवळी फुलं, कुर्डू, झेंडू यांचे थरावर थर पितळी ताटात रचायचे, ते ताट गल्लीत मधोमध ठेवायचं आणि बायकांनी भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गायचं. एकीनं ओळ म्हणायची, सगळ्यांनी तीच परत म्हणून शेवटी 'उय्यालो' जोडायचं. नुसतं बघायला उभी राहिलेलीलाही सोडत नसत, हाताला धरून आत ओढत. आणि नव्या सुनेनं पहिल्या वर्षी एक तरी ओळ घालायचीच, असा गल्लीचा रिवाज. तो मात्र मला कुणी सांगितला नव्हता.

पाळी माझ्यावर आली. सगळ्या माझ्याकडे बघत टाळ्या वाजवतायत आणि मला एक तेलुगू शब्द आठवेना. माहेरी आम्ही हादगा खेळायचो. त्यात सासूची खोड काढायची पोरींना मुभाच असते. तिथं आम्हीच जुळवलेली एक ओळ तोंडातून निसटली:

'सासू वाढते अर्धी भाकर, वर म्हणते भूक आवर!'

काय बोलले ते बोलून झाल्यावर कळलं. पण फेरात घातलेली ओळ परत घेता येत नाही. सगळ्या गल्लीनं ती खणखणीत उचलली, वर 'उय्यालो' जोडलं. घरात तेलुगू असली तरी या बायकांचा बाजारहाट मराठीतच चालायचा, एकीलाही अर्थ सांगावा लागला नाही. शिवाय अत्तम्मांची अर्ध्या भाकरीची तऱ्हा शेजारपाजारला ठाऊक. हशा पिकला.

"काय वो, सुनेला अर्ध्यावरच ठेवताय व्हय?" शेजारीण ओरडली.

अत्तम्मांनीही ओळ म्हटली. त्यांची टाळी चुकली नाही, फक्त त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी हातावर प्रसादाचा मलिदा पडला तो मी तसाच पदरात बांधून घरी आणला.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात अख्खी भाकरी आली. त्यानंतर रोजच. रागावल्या असत्या तर पायावर डोकं ठेवून, रडून मी मोकळी झाले असते. पण त्या रागावल्या नव्हत्या. दारावरून जाणारीला दिसेल अशी ती अख्खी भाकरी ताटात नीट मांडायच्या आणि मागं सरकायच्या. ते बघून माझी मान खाली जायची. निम्मी खाऊन होईतो उरलेली गार आणि वातड व्हायची. सांगणार काय? मला अर्धीच वाढा म्हणून? नवऱ्याला सांगितलं तर तो पोट धरून हसला. त्याच्याशी मी कितीतरी दिवस धड बोलले नाही.

वर्ष असं गेलं. पुढच्या बतकम्मेला माझी पाळी नव्हती, दुसऱ्या नव्या सुना आल्या होत्या. तोवर तेलुगूही जमायला लागलं होतं. तरी एकीची ओळ संपताच मी मध्येच घुसले, आणि मुद्दाम मराठीतच म्हटलं:

'सासू वाढते अर्धी भाकर, दुसरी ठेवते निखाऱ्यावर!'

ताल पार चुकला. बायकांनी सांभाळून घेतलं आणि ओळ उचलली. या खेपेला अत्तम्मांनी ती म्हटली नाही. त्यांची टाळी थांबली, पदर तोंडाशी गेला. त्यांना मी पुन्हा चव्हाट्यावर आणलं की काय, या भीतीनं उरलेला सगळा फेर मी पायांकडे बघत धरला.

दुसऱ्या दिवशी जेवायला बसले. भाकरी तव्यावरून उतरली, कडकन मोडली आणि अर्धी माझ्या ताटात पडली.

अत्तम्मा चुलीकडे तोंड करूनच म्हणाल्या, "भूक आवर जरा. दुसरी शेकतीय की."

दुसरी येईपर्यंत मी पहिलीचा तुकडा हातात धरून तशीच बसून राहिले.