चवड्याखालचा खडा

पेठ रोडवरची एक खोली. मधोमध उलटी घातलेली बादली, बादलीवर सहादू, आणि त्याचा उजवा पाय बायकोच्या मांडीवर. सुईला टोचलेला बिब्बा दिव्यावर चरचरतोय.

"हलू नका!"

"भाजतंय गं!"

"मग काय गुदगुल्या करू?" भागीबाई खेकसली.

हा खेळ दिवाळीपासून चालू होता. सहादू डोंगरातून द्राक्षाच्या मजुरीला आला, शहरातच राहिला, आणि आता एका एजन्सीतर्फे एटीएमवर रखवालदार होता. दिवसभर उभं राहायचं. दुपार झाली की चवड्याखाली खडा टोचायचा आणि दोन बोटांत करंट लागल्यासारखी कळ जायची. बूट काढून झटकला तर आत काही नाही. काटा मोडला असेल म्हणून भागीबाईने बिब्बा घातला. कुरूप असेल म्हणून रुईचा चीक लावला. देवाचा कोप असेल म्हणून कोंबडंही दिलं. चवडा काळाठिक्कर पडला, कळ होती तिथंच.

आणि बोहाडा, गावचा देवांच्या सोंगांचा उत्सव, तोंडावर आला होता. गावच्या बोहाड्यात नरसिंहाचं सोंग सहादूच्या घरचं. लाकडी मुखवटा चढवून, संबळाच्या ठेक्यावर अनवाणी उड्या घ्यायच्या त्या त्यानेच. यंदा तो उभा राहिला नाही तर हा मान चुलतभावाकडे जाणार, आणि तिकडे गेलेला मान परत येत नसतो. या घोराने भागीबाईला घास गिळवेना. नवरा मात्र रोज बुटांना पॉलिश करत बसायचा!

शेवटी तिने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर उज्ज्वलाबाईंनी पाय दोन्ही बाजूंनी मुठीत आवळला आणि बोटांच्या मधली जागा अंगठ्याने दाबली. सहादू खुर्चीतून उडाला.

"काका, काटाबिटा काही नाही. बोटांकडे जाणारी नस दबून दबून सुजलीय." त्यांनी बूट उचलून पायाशेजारी धरला. "यात हा पाय जातो तरी कसा?"

सहादूने पाय खुर्चीखाली ओढला.

"बोला की!" भागीबाईने कोपर मारलं.

"एजन्सीतली पोरं माझ्या फताड्या पायाला हसत व्हती. बूट देताना नंबर इचारला, मी सात म्हनलो."

"आन् खरा?"

"नऊ."

भागीबाईने कपाळावर हात मारला. "अवो, देवाला कोंबडं दिलं मी! बुटाला द्यायचं व्हतं!"

डॉक्टरबाईंनी हसू दाबलं. "पुढून ऐसपैस बूट घाला. चवड्याच्या जरा मागे मऊ गादी लावा. बिब्बा बंद. बहुतेक यानेच सूज उतरेल. नाहीच उतरली तर इंजेक्शन आहे, ऑपरेशनपर्यंत क्वचितच जातं."

"आन् बोहाड्यात नाचायचं?" भागीबाईने विचारलं.

"कळ थांबली तर नाचा. हे बूट पायात असताना ती थांबायची नाही."

भागीबाईने तिथूनच सुपरवायझरला फोन लावला आणि नवऱ्याच्या कानाशी धरला. तो मान हलवत मागे सरला.

"बोला," ती दातओठ खात म्हणाली, "नायतर यंदा मुखवटा मी चढवते."

सहादूने घसा खाकरला. "साहेब, नऊ नंबरचे रुंद बूट पायजेल. पाय मोठा हाय माझा. नरसिंह उभा ऱ्हातो त्याच्यावर."