ठकूआत्याच्या हातची गाठ

आमच्या धरणकाठच्या मासेमारी सोसायटीचा सचिव मी. म्हणजे सभेत वही उघडून बसणारा आणि सगळ्यांना नियम ऐकवणारा शहाणा. हे आधीच सांगून टाकतो, कारण गोष्ट ठकूआत्याची असली तरी तिच्यात तोंड काळं झालंय ते माझं.

ठकूआत्या माझी सख्खी आत्या नव्हे. सत्तरीला आलेली, एकटी बाई. सगळं गावच तिला आत्या म्हणतं. धरण भरलं तेव्हा तिचं घर आणि भाताची खाचरं पाण्याखाली गेली. भावकी खाली मंचरकडे निघून गेली, ही मात्र इथेच वरच्या अंगाला राहिली आणि ज्या पाण्यानं शेत गिळलं त्याच पाण्यात जाळं टाकायला शिकली. पुढे विणायलाही शिकली. तिचा उजवा अंगठा विळ्यानं कापल्यापासून ताठ आहे. त्यामुळे गाठ मारताना दोऱ्याला एक वेढा जास्त पडतो. ती गाठ पाण्यात फुगली तरी सरकत नाही. गावातली निम्मी जाळी तिच्याच हातानं सांधलेली आहेत.

आषाढात ओढे फुगले की धरणातले मासे ओढ्यानं वर चढतात आणि डोहात अंडी घालतात. चढणीचा मासा धरायला काही अक्कल लागत नाही. बापजाद्यांपासून, धरण नव्हतं तेव्हाही, आम्ही तो पाट्या भरभरून आणला. मग असं एक वर्ष आलं की दिवसभर जाळं टाकून कालवणापुरतंही मिळेना. त्या वर्षी आत्या आपलं जाळं घेऊन कळमजाईच्या देवळात गेली, ते तुळईला टांगलं आणि म्हणाली, "नारळी पुनवेपत्तुर ह्ये हितंच ऱ्हाईल."

लोक हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. "आत्या, मासं काय तुजी वाट बगत्यात व्हय?"

दुसऱ्या वर्षी देवळात चार जाळी आली. सहाव्या वर्षी गावातल्या सगळ्यांची, एकतीस. सोसायटीनं मग तसा नियमच केला, आणि अक्षर बरं म्हणून हसणाऱ्यालाच सचिव केलं. डोहाची राखण आत्याकडे आली. डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेऊन ती दिवसभर खडकावर बसायची. मासा पुन्हा वाढला. दुसऱ्या गावांची माणसं बघायला यायला लागली, तेव्हा माहिती सांगायला पुढे मी असायचो.

गेल्या आषाढात माझ्या लेकीचं, संस्कृतीचं लग्न होऊन तीन महिने झाले होते. ओतूरहून जावई आणि त्यांच्या घरची पाच माणसं आखाडाच्या जेवणाला येणार होती. लग्नात मी फुशारकी मारून बसलो होतो, "आमच्याकडं या, धरणाचा ताजा मासा खाऊ घालतो." बायको म्हणाली, "कोंबडी कापा की. त्येंला काय कळतंय?" तिचं बरोबर होतं. पण माझं नाक आडवं आलं.

माझ्याकडे जाळी दोन होती. एक देवळात टांगलं होतं. दुसरं कणगीमागे होतं. ते जुनं आहे, त्याला कोण विचारतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली होती.

भर सकाळी ते घेऊन डोहाकडे गेलो आणि अलीकडच्या झुडपात लपवलं. सगळा गाव शेतावर, भाताच्या आवणीत होता. आत्या एकटी बसली होती.

"आत्या, देवळात जाळ्यास्नी उंदीर लागल्यात म्हनं. जरा बगून येतीस का? मी बसतो हितं."

ती लगेच उठली. "तू हाईस म्हंजी काळजी न्हाई," म्हणाली आणि निघाली. ही गोष्ट आठवली की अजून मान वर होत नाही.

अर्ध्या तासात टोपलं भरलं. ओढताना जाळं कपारीत अडकलं, मी हिसडा दिला, हातभर तुकडा तिथेच राहिला. तो काढायला वेळ नव्हता.

घरी बायकोनं मासे चिरले. एकूण एक मासा गाबोळीनं, म्हणजे अंड्यांनी भरलेला. तिनं गाबोळी वेगळ्या भांड्यात काढली आणि तळून जावयाच्या ताटात वाढली. "मामा, झकास!" जावई म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सभा बसली. तो तुकडा कुणालातरी सापडला होता. डोहाला सगळ्यांत जवळ घर जानकूचं. त्याला ना शेत, ना नोकरी. त्यामुळे बोट दाखवायला फार विचार करावा लागला नाही. जानकू देवीची आण घेऊन रडायला लागला. नियम मीच लिहिलेला होता, मोडेल त्यानं वर्षभर पाण्यात जाळं टाकायचं नाही. म्हणजे जानकूची चूल बंद. माझ्या हातात पेन होतं. मी लिहीत नव्हतो आणि बोलतही नव्हतो.

तुकडा हातोहात फिरत आत्याकडे आला. तिनं त्यावरून ताठ अंगठा फिरवला. दिवाळीत माझ्याच ओट्यावर बसून तिनं ते जाळं सांधलं होतं.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "जानकूला सोडा," ती म्हणाली. "म्याच टाकलं व्हतं. म्हातारपनी जीब सुटली."

एकच गलका झाला. ज्यांच्या पोरांना तिनं जाळी विणायला शिकवलं त्यांनीही तिला नाही नाही ते ऐकवलं. राखण काढून घेतली, वर्षभर जाळं टाकायला बंदी केली. अध्यक्ष म्हणाले, "भरत, लिव्ह." आणि मी लिहिलं. चांगल्या अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या घरी गेलो. ती तांदूळ निवडत होती.

"आत्या, मी आज सभा बोलावतो. खरं सांगतो."

"गप बस," ती म्हणाली. "म्हातारी खुळी झाली म्हंतील आन् सोडून देतील. पन सचिवच चोर निगाला म्हनल्यावर पुढल्या साली देवळात येक तरी जाळं यील का? ज्यो त्यो म्हनंल, मंग आमीच का टांगावं?"

मला मनातून सुटल्यासारखं वाटलं, आणि त्याचीच आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

तिनं सूप बाजूला ठेवलं. "फाटलंय नव्हं त्ये? आन हिकडं. सांदून देते. पुढल्या टायमाला दोन्ही टांग."

घरी जाऊन कणगीमागचं जाळं काढलं. बंदीच्या दिवसांत जाळं खांद्यावर टाकून गावातून गेलो असतो, तर सगळ्यांना आपोआप कळलं असतं, कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. रस्ता सरळ होता, जेमतेम शंभर पावलांचा. मी जाळं खताच्या गोणीत कोंबलं आणि बांधाबांधानं, मागच्या बाजूनं तिच्या दाराशी गेलो.

आत्यानं गोणी आत ओढून घेतली आणि दार लोटलं.

"कुनी बगितलं न्हाई ना तुला?" तिनं विचारलं. माझ्या काळजीनं विचारलं.