यानाचा तांडेल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आणि गोष्ट तरी केवढी — टीव्हीवरच्या मालिकेतली! हसाल तुम्ही. हसा.

ऐंशीच्या दशकातलं पालघर. रविवारी सकाळी अवकाशयानांची एक मालिका लागायची. माझ्या वर्गातली शिरगावची भारती आईबरोबर मासळीबाजारात यायची आणि तिथून थेट आमच्या घरी. मालिकेत एक सेनापती होता — फुटकळ पात्र, भागात दोन-तीन मिनिटं. पण भारतीचा सगळा जीव त्याच्यात. "यो यानाचा तांडेल हाय," म्हणायची. "आमच्या बाबासारका."

तिचा बाबा तांडेल — नाव हाकणारा, खलाशांचा म्होरक्या. त्याच वर्षी त्याची नाव बुडाली होती. तो परत आला, एक खलाशी आला नाही. गाव कुजबुजायचं, तांडेल आधी उडी टाकून सुटला म्हणे. मला हे ठाऊक होतं. चांगलं ठाऊक होतं.

मग का केलं मी? माझे वडील तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवत, भाग संपला की तिच्याशीच बोलत बसत — आणि मी खाली चटईवर. पोटात दुखायचं माझ्या. बस, एवढंच.

एका रविवारी तिच्या नात्यात हळद होती, ती आली नाही. नेमका त्याच भागात सेनापती मेला. यान पेटलं, त्याने एकेका शिपायाला छोट्या यानात चढवलं, स्वतः मागे राहिला. वडिलांनी डोळे पुसले.

सोमवारी शाळेत तिने विचारलं. मी म्हटलं, "पळाला तुझा तांडेल. सगळ्यांना टाकून, पहिला."

"खरंच?"

"या डोळ्यांनी पाहिलं."

ती हळूच म्हणाली, "मंग लोक बोलतात ते बी खरंच असंल."

तेव्हा सांगता आलं असतं — नाही? घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो. भारती पुन्हा टीव्ही बघायला आली नाही. वडील विचारायचे, "का गं येत नाही?" मी म्हणायचे, "अभ्यास असतो तिला."

पुढे ती आईच्या जागेवर मासळी विकायला बसू लागली. नव्वदनंतर कधीतरी तिचा बाबा गेला. महिन्याभराने मी बाजारात गेले, तर मासे निवडता निवडता म्हणाली, "इतकी वरसं मी बाबाशी धड बोलली नाय गो."

मी ऐकलं. तिने नेहमीसारखे वर चार बोंबील टाकले, आणि मी पिशवी पुढे केली.