बिनपेटीचा स्पीकर आणि माझे गुडघे

लग्न होऊन मुरबाडला आले त्याला चाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत आमच्या ह्यांना एकही नवा स्पीकर पसंत पडलेला नाही. (मी पडले, पण तेव्हा ऐकून कोण बघत होतं!)

यांच्या जुन्या स्पीकरची लाकडी पेटी कपाटाएवढी. वर पाण्याचा पेला ठेवायचा. पाणी थरथरलं तर आवाज चांगला.

पुतणीच्या हळदीच्या आदल्या दिवशी शहापूरचे आमचे भाचेजावई स्वतः बनवलेला स्पीकर घेऊन आले. वर्षभराचे रविवार त्यात घातलेले. मांडवात आपलाच वाजावा, एवढीच त्यांची इच्छा.

"पेटी कुठंय?" हे म्हणाले.

"पेटी नाहीच, मामा. नुसती फळी. मागून उघडा."

"उघडा? म्हंजे अर्धा आवाज भाताच्या खाचरात! बेडकांना ऐकवताव काय?"

"पाट उभा केलाय रे नुसता!" यांचे दोस्त भास्करभाऊ हसले.

जावई बिचारे शांत. "न बघता ऐका, मग बोला." त्यांनी दोन्ही स्पीकरांपुढे चादर बांधली आणि मला मागे बसवलं. "मामी, 'बदला' म्हटलं की बटण फिरवायचं."

बटण जमिनीवर! आणि मी सकाळपासून उद्याच्या हळदीची तयारी उरकून थकलेली. एकदा वाकून बघितलं, गुडघे कडकड वाजले. (तो आवाज मात्र भरीव होता!) मग ठरवलं, नुसतं ओरडायचं.

"बदला!"

"बदलला!" बसल्या जागेवरून मी.

"हां, हा पोकळ," हे म्हणाले.

"बदला!"

"बदलला!"

"हा बघ, कसा छातीत बसतो!" भास्करभाऊ.

असं तासभर. वाजत होती एकटी यांची पेटी! शेवटी जावईसुद्धा पडलेल्या आवाजात म्हणाले, "खरंय मामा. दुसरा मलापण पातळच वाटला." आणि फळी गोणपाटात गुंडाळायला लागले.

आता मला राहवेना. "अहो, मी बटणाला हातच लावला नाय!"

भास्करभाऊंनी चहा न पिताच चपला घातल्या.

हे हळूच म्हणाले, "जावईबापू, उद्या तुमचाच वाजवा. आन् तू गो, ही गोष्ट कोणाला सांगू नको."

मी शब्द दिला, आणि पाळलाही. हळदीला आलेल्या बायका सोडल्या, तर आजवर कोणालाही सांगितलेलं नाही!