फायली आपोआप लागतील

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या नागपूरच्या कचेरीत कॉम्प्युटर आला. रेकॉर्ड रूममध्ये आम्ही बाया घामाने निथळत होतो आणि त्या डब्यासाठी मात्र एसी बसला. कॉम्प्युटर आणणारे साहेब नुकतेच ट्रेनिंग घेऊन आले होते, त्यामुळे कोणाचं ऐकून घ्यायची गरज त्यांना उरली नव्हती. ते म्हणाले, प्रत्येक फायलीचा विषय यात भरा. ज्यांच्या विषयांत सारखा शब्द सापडेल त्या फायली मशीन आपोआप एका गटात लावेल.

उन्हाळाभर आम्ही विषय भरले. कन्हानच्या पुलाची दुरुस्ती करणे बाबत. सक्करदरा तलावातील गाळ काढणे बाबत. कळमेश्वरच्या शिपायाची रजा मंजूर करणे बाबत.

शेवटी साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. मशीनने एकच गट केला आणि त्याला नाव दिलं ‘बाबत’. अख्खी कचेरी त्यात मावली.

शेजारची टायपिस्ट माझ्या कानात म्हणाली, "इतके वर्षं आपण एकच काम करून राहिलो होतो काय वं?"

साहेबांना हसू आलं नाही. तो शब्द सोडून दे, एवढं मशीनला सांगितलं असतं तरी भागलं असतं. पण मशीन शहाणं होतं, अडाणी आम्ही होतो. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या सहीचं परिपत्रक निघालं. तेही मलाच मशीनमध्ये भरावं लागलं. विषय : ‘बाबत’ हा शब्द यापुढे न वापरणे बाबत.