धुतलेले फोटो

ह्यांच्या छातीचे दोन फोटो आमच्या ट्रंकेच्या तळाशी होते. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी ह्यांना क्षय झाला. दहा महिने मिरजेला राहून बरे होऊन आले, तेव्हा बरोबर आणलेल्या त्या काळ्या, जाड फिल्मा. हे पुन्हा शाळेत शिकवू लागले आणि फोटो तसेच पडून राहिले.

एका उन्हाळ्यात वाऱ्यानं आदळून स्वयंपाकघराच्या खिडकीची काच फुटली. तुकडे सगळे वेचले असं मला वाटलं होतं. दुसऱ्याच दिवशी एक सासूबाईंच्या टाचेत गेला. सुईनं काढला, हळद भरली, चिंधी बांधली. चार दिवसांनी जमीन सारवताना शेणातली कपची माझ्या तळहातात घुसली. मग मुलीचा गुडघा.

सासूबाई म्हणाल्या, “पुरे गो त्या काचा. दुसरं काहीतरी लाव तिथे.”

जुन्या एक्सरेच्या फिल्मा सोडा घातलेल्या कढत पाण्यात धुतल्या की काचेसारख्या होतात, असं शेजारणीनं सांगितलं. मी ह्यांना विचारलं. हे वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, “धू की. मला काय करायचेत आता?”

मी धुतले. बोटांखाली बरगड्या सुटत गेल्या. ते गढूळ पाणी मी माडाच्या आळ्यात ओतलं. मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, तेही सांगितलं पाहिजे. दुखणं घरातून गेलं असं वाटलं.

वर्षभरानं ह्यांना खोकला लागला. शाळेनं डॉक्टरचा दाखला मागितला, म्हणून आम्ही दोघं मिरजेला गेलो.

नवा फोटो उजेडाला धरून डॉक्टर म्हणाले, “इथे डाग आहे. जुना असेल तर काळजी नाही. पहिले फोटो द्या, ताडून बघतो.”

“सांभाळता आले नाहीत,” हे म्हणाले.

“मी धुतले,” मी म्हटलं. “खिडकीला लावले.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांच्याकडे जुन्या दुखण्याचं लिहिलेलं होतं, पण डाग केवढा होता ते लिहिण्यावरून कळेना. “सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू,” ते म्हणाले. “तोवर मुलांत जायचं नाही.”

ते सहा महिने हे पडवीत बसून होते. शिकवणीला दोन मुलं आली. आयांना दुखण्याचं कळलं तशी तीही थांबली. शाळेनं ह्यांच्या जागी दुसरे मास्तर घेतले. आज तरी हे मला बोलतील म्हणून मी वाट पाहायची. शेवटी मीच म्हटलं, “अहो, रागवा तरी!”

“तू विचारलं होतंस मला,” एवढंच म्हणाले. त्यापेक्षा चार शिव्या सोसल्या असत्या.

सहा महिन्यांनी पाहिलं तर डाग तसूभरही बदललेला नव्हता. जुनाच होता. डॉक्टरांनी लगेच दाखला लिहून दिला.

परतताना एस.टी. पालीला थांबली. चहा समोर निवत होता. ह्यांनी खिशातून दाखला काढला, पूर्ण वाचला आणि मला विचारलं, “हा आता दाखवू कुणाला गं?”

आम्ही गाडीत जाऊन बसलो.

पुढे हे एका आंब्याच्या व्यापाऱ्याकडे पेट्यांवर पत्ते लिहायला जात. अक्षर फार सुरेख होतं त्यांचं. शाळेवरून जायची वेळ आली की लांबच्या रस्त्यानं जात.