दर रविवारी मला पिक्चरला का पाठवत होते

श्रावणात बायको गेली. दिवसकार्य, गंधमुक्ती झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले, आणि मग एका रविवारी मुलगा म्हणाला, "आबा, घरात बसून काय करता? पिक्चर पाहून या. तिकीट काढलंय."

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. या मुलाने आजवर मला स्वतःहून चहा विचारला नाही, आणि आता तिकीट? तेही मोबाइलमध्ये. दारावरच्या माणसाने त्याच्यावर यंत्र धरलं, टूं वाजलं, आणि मी आत. खुर्ची इतकी मऊ, की माणसाने उठूच नये. मला त्या खुर्चीचाही संशय आला.

मी चौथी शिकलो. अमळनेरला तेलाच्या मिलमध्ये पोती वाहण्यात उमर गेली. मग जळगावला हे घर बांधलं. बांधकामावर सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं काम बायकोने केलं, बाई लावली नाही. घर माझ्या नावावर आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पिक्चर पाहताना माझं अर्धं डोकं घराकडेच असायचं.

पहिला पिक्चर मारामारीचा. तिकडे दक्षिणेत बनलेला, आवाज हिंदीत घातलेला. एकटा माणूस गल्लीभर गुंड लोळवतो आणि शर्टाची इस्त्री मोडत नाही. एक पोतं पाठीवर घेतलं तरी शर्ट खांद्याला उसवतो, हे त्या पिक्चरवाल्यांना कोणी सांगत नसेल का? सांगत असतील. पण लोक टाळ्या वाजवतात म्हटल्यावर ते कशाला ऐकतील?

दुसरा दवाखान्याचा. बाई मरायला टेकलेली, पण केस विंचरलेले. नवऱ्याचा हात धरून इतकं बोलली, इतकं बोलली, की मला वाटलं आता बरीच होते ही. सगळं सांगून झाल्यावर मान टाकली. आजूबाजूचे लोक रडत होते. मला राग आला. माझी बायको शेवटी माझ्याशी काही बोललीच नाही. नर्सला म्हणाली, पंखा कमी कर. बस. ज्याने हा पिक्चर काढला त्याच्या घरचं कोणी अजून गेलेलं नाही, हे मी स्टॅम्पपेपरवर लिहून देतो.

भुताचा एक पाहिला. त्यात मेलेली बाई परत येते, कपाटं उघडते, भांडी पाडते. पुढच्या रांगेतल्या पोरी किंचाळत होत्या. मी मात्र नीट बसून पाहिलं. म्हटलं, असं कोणी येत असेल तर येऊ दे की. आमची आली तर सूडबीड घेणार नाही. गॅस बंद केला का, तेवढं बघेल आणि मला दोन शिव्या देईल. शेवटी मांत्रिकाने त्या बाईला बाटलीत भरलं. तो शेवट मला अजिबात आवडला नाही.

गावाकडच्या पिक्चरचं तर बोलूच नका. हिरोईन कापूस वेचताना गाणं म्हणते आणि हाताला एक ओरखडा नाही. गाय शाम्पूने धुतलेली. ज्याने बनवला तो गाडीतून खाली उतरला नसणार.

असे रविवार जात होते. कायम रविवार आणि कायम दुपारचाच खेळ. मी एकदा म्हटलं, "आज नको, गुडघा दुखतो." सुनेचं तोंड एकदम उतरलं. "जा ना आबा, रिक्षा दारात येते." पाहण्यासारखा पिक्चर नसला की मला एस.टी.त बसवून धुळ्याला, देवपुरात लेकीकडे पाठवायचे. आणि तिथे लेक मला कुठे नेणार? पिक्चरला! दोन गावांत दोन घरं, आणि दोन्ही घरांना माझ्या करमणुकीची काळजी. मी इतका भाग्यवान कधीच नव्हतो.

घरी आलो की मी बारीक पाहायचो. चांगल्यातले कप धुऊन पालथे घातलेले. खुर्च्या समोरासमोर. आणि तळणाचा वास. आमच्यात माणूस गेलं की वर्षाच्या आत सणासुदीलाही कढई चढत नाही. दिवाळीचा फराळ शेजाऱ्यांनी आणून दिला होता. मग आता कोणासाठी चढली? मी वरचा डबा काढला. बायकोने उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापड, घातल्या होत्या, तिच्या हातच्या शेवटच्या. मी त्यांना हात लावत नव्हतो. डबा निम्मा झाला होता.

तेव्हा माझी खात्री पटली. घर दाखवायला लोक आणतात. दलाल येतो, गिऱ्हाईक येतं, त्यांना बिबड्या तळून घालतात.

त्यात धुळ्याला लेकीने दाखवला तो पिक्चर नेमका तसाच. मुलं म्हाताऱ्याला तीर्थयात्रेला धाडतात आणि मागे घर विकतात. माझ्याच ओट्यावर बसून लिहिल्यासारखा. इतक्या पिक्चरांत मला पटलेला हा एकच. बाजूला लेक डोळे पुसत होती. मी म्हटलं, "काय चालू शे तिकडे घरमा? खरं सांग."

"काही नाही शे, आबा. तुम्ही पिक्चर पाहा."

परवाच्या फागुनात मुलाने पुन्हा तिकीट काढलं. परदेशातला प्रेमाचा पिक्चर. सगळे बर्फात फिरतात, कामाला कोणी जात नाही. मध्यंतर झालं, लोक लाह्या घ्यायला उठले, मी सरळ बाहेर पडलो आणि रिक्षा केली.

ओट्यावर अनोळखी चपला. आत माझ्या खुर्चीत एक मिशीवाला, शेजारी एक तरुण आणि दोन बाया. मी उंबऱ्यातूनच ओरडलो, "घर विकायचं नाही! उठा!"

सगळे खरंच उठून उभे राहिले. मुलगा पांढरा पडला. तेवढ्यात आतून माझी नात, मुलाची लेक, आली. अंगावर आजीची साडी, हातात बिबड्यांची ताटली. ती तशीच थांबली.

मिशीवाला हात जोडून म्हणाला, "आबा, घर नको आम्हाला. भाच्यासाठी पोरगी पाहायला आलोत."

मी मुलाकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत म्हणाला, "घरात माणूस गेल्यावर वर्षाच्या आत लग्न झालं तर झालं, नाहीतर तीन वर्षं थांबावं लागतं. हे तुम्हालाही माहीत आहे. पण कोणत्या तोंडाने विचारू? आईच्या खाटेवर तुम्ही अजून कोणाला बसू देत नाही."

सून आतून बाहेर येत बोलली, "आणि पाहुण्यांना तुम्ही काय बोलाल याचा नेम नाही. आता पाहिलंच सगळ्यांनी."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नाही म्हणालो असतो."

"मग?"

मी नातीला स्वयंपाकघरात नेलं. "तुझं काय?"

"आधी आलेले सगळे मोबाइलमध्येच पाहत होते, आबा. हा बोलतो तरी. पण आजीला जाऊन वर्ष नाही झालं. लोक नावं ठेवतील."

"लोकांचं मी बघतो. तू तुझं सांग."

ती साडीच्या काठाकडे पाहत म्हणाली, "बरा आहे."

माझा विश्वास लगेच बसत नाही. बाहेर येऊन मी त्या तरुणासमोर बसलो. "पिक्चर पाहतो का?" हो म्हणाला. "तो बर्फातला?" तोही पाहिला होता. म्हटलं, आता सापडला. म्हाताऱ्याला खूश करायला गोड गोड काहीतरी सांगेल.

"कसा आहे?"

त्याने मामाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "माले तं झोप लागी गई, आबा. जागा झालो तेव्हा लोक बाहेर निघत होते."

मामाने त्याला कोपर मारलं. सून तोंडावर पदर घेऊन आत पळाली. मी हसलो नाही, पण पाठ टेकवली. इतक्या महिन्यांत माझ्याशी खरं बोललेला हा पहिला माणूस.

मी मुलाला सगळ्यांसमोर सांगितलं, "वर्षाच्या आत करा. पण वैशाखात आखाजीला आधी तुझ्या आईच्या नावाची, पितरांची पहिली घागर भरायची, मी भरणार. ती भरल्याशिवाय या घरात कोणाला हळद लागणार नाही. चालेल?"

"चालेल, आबा, एकदम चालेल," मामाच आधी बोलला.

पाहुणे गेल्यावर मुलगा हळूच म्हणाला, "आबा, पुढच्या रविवारचं तिकीट काढून ठेवलंय. ते लोक बोलणी करायला येणार आहेत, तुम्हाला त्रास नको म्हणून."

"तू जा पिक्चरला," मी म्हटलं. "मी घरी बसतो. तो मामा प्रत्येक गोष्टीला फार लवकर चालेल म्हणतो."